वाकायचं नाही

ऑपरेशन करायचं की नाही, एवढं सोडून बाकी सगळं ठरलेलं आहे. पोळ्यांच्या मावशी दोन्ही वेळा येणार. जाऊबाईंच्या यजमानांच्या खुब्याच्या वेळी आणलेली कमोडची खुर्ची कल्याणहून टेम्पोत बसून डोंबिवलीला आली आणि धुऊन गॅलरीत वाळतेय. पुढून बटणं असलेले चार गाऊन आणले. त्यातला जांभळा मला इतका शोभतो की निव्वळ त्याच्यासाठी तरी दवाखान्यात भरती व्हावं. मुलीने रजा टाकली. मेडिक्लेमवाल्यांनी एकाच फोनमध्ये होकार दिला, जे आजवर कुणाच्याच बाबतीत घडलेलं ऐकलं नव्हतं. आता नाही म्हणायचं म्हणजे मंगलाष्टकं सुरू झाल्यावर बोहल्यावरून उतरण्यासारखं.

मणक्याचे डॉक्टर मात्र शांतपणे म्हणतात, "निर्णय तुमचा."

माझा पहिला राग इथेच आहे. पावशेर वांगी घ्यायला गेलं तरी भाजीवाला स्वतः निवडून देतो, "ताई, ही घ्या, भरल्याला चांगली आहेत." आणि मणक्याच्या बाबतीत निर्णय माझा! मी २८ वर्षं बँकेत कॅशच्या खिडकीत बसले. मला फाटकी नोट ओळखता येते, नस ओळखता येत नाही.

डॉक्टरांनी समजावलं मात्र नीट. पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मधे २३ गाद्या असतात. त्यातल्या बावीस निमूटपणे काम करतायत. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली तेवढी सरकून बाहेर आली आहे आणि पायात जाणाऱ्या नसेवर बसली आहे. मला याचं अजिबात नवल वाटलं नाही. शाखेत तेवीस माणसं असली की एक अशी निघतेच. तिच्यामुळे सगळ्यांचं काम अडतं आणि तिची बदलीही होत नाही.

"ऑपरेशनने पायातली कळ बहुधा जाईल. पाठीच्या दुखण्याची हमी देत नाही," डॉक्टर म्हणाले. "पाऊल लुळं पडायला लागलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र विचार करत बसायचं नाही, तडक यायचं. तसं काही नसेल तोवर निर्णय तुमचा."

दुसरं मत घ्यायला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, थांबा, बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपोआप आक्रसते. मी तर आठ महिने थांबलेच होते.

दोन्हीकडे एक प्रश्न समान होता. "दहापैकी किती दुखतं?" मराठीत दुखण्याला कळ, सणक, ठणका, ठसठस, रग, चमक असे वेगवेगळे शब्द आहेत. माझ्या डाव्या पायात ते सगळे आळीपाळीने राहून गेलेत. त्या सगळ्यांची बेरीज करून एक आकडा सांगायचा. मी "सहा" म्हणाले. खरं तर पहाटे तीनला विचारलं असतं तर वेगळं उत्तर आलं असतं. पण जास्त सांगणं मला बरं दिसेना. सोसणारी बाई म्हणून माझं नाव आहे, ते आठ महिन्यांच्या पायासाठी घालवायचं का? डॉक्टर सहा लिहीत असताना मागच्या खुर्चीतून आमचे हे म्हणाले, "नऊ लिहा. रात्रीचे नऊ."

मी वळून बघणार होते, पण मला वळता येत नाही.

एमआरआयचा रिपोर्ट आला तेव्हा मात्र, आता लपवून काय उपयोग, मी मनातून हरखले. इतके महिने 'काहीतरी दुखतंय' होतं, त्याला आता दोन पानी नाव मिळालं. त्यात एके ठिकाणी 'सिव्हिअर' होतं, ते मी हॉलमध्ये दोनदा मोठ्याने वाचलं. बिल्डिंगमध्ये बातमी 'मणक्यात गॅप' अशी पसरली. बघायला येणाऱ्या दर तिसऱ्या माणसाला कुसुमाग्रजांची 'कणा' आठवायची आणि तो ती म्हणूनही दाखवायचा. मी पडल्या पडल्या दाद द्यायची.

हा तोरा मुलीने फोनवर उतरवला. १९९४ साली अमेरिकेत, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते म्हणे. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या गाद्यांत काही ना काही दोष सापडला. म्हणजे एमआरआय हा आधार कार्डावरच्या फोटोसारखा. खरा असतो, पण त्यावरून माणूस ओळखू येईलच असं नाही.

आणि इथे मला पायाळू आठवतो. ज्यांना माझ्या ऑपरेशनचं काय झालं याची घाई असेल त्यांनी थोडं पुढे जावं. मला स्वतःलाच घाई नाही.

माझं आजोळ राजापूरजवळ. तिथे पाठीत उसण भरली की डॉक्टरकडे जायची पद्धत नव्हती, पायाळूला बोलवायचे. जन्मताना जो डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आला तो पायाळू. त्याची लाथ बसली की उसण उतरते. आमच्या गावात एकच पायाळू होता, सुतारांचा मधला मुलगा, वय वर्षं नऊ. एरवी शेंबूड पुसायचं भान नसलेला हा मुलगा कामावर आला की वेगळाच दिसायचा. ओसरीवर यायचा, पाय धुवायचा आणि विचारायचा, "कोणाची?" पेशंटने पालथं पडायचं. मग तो डाव्या पायाने पाठीवर अलगद तीनदा मारायचा. फी म्हणून एक नारळ. ज्यांच्यासमोर अख्खं गाव चपला काढून उभं राहायचं, ते माझे आजोबा त्या पोराच्या पायाशी पालथे पडलेले मी बघितलेत. "जरा खाली, खाली," असं अजिजीने म्हणत होते.

वळवाच्या पावसात त्याची आई त्याला घराबाहेर सोडायची नाही, कारण पायाळूवर वीज पडते. त्यामुळे आभाळ भरून आलं की त्याची शाळा बुडायची, शाळा बुडाली की मास्तर छडी मारायचे. एके वर्षी मास्तरांनाच उसण भरली. दोन दिवस त्यांनी मानाने काढले, तिसऱ्या दिवशी निरोप धाडला. पोरगा आला, पाय धुतले आणि विचारलं, "कोणाची?" त्या दिवशीची लाथ अलगद नव्हती, असं बघणारे सांगतात. मास्तरांना पुन्हा आयुष्यात उसण भरली नाही. निदान ते तसं कधी बोलले नाहीत.

आता पायाळू दुर्मिळ झालेत. बाळ पायाकडून येतंय असं दिसलं की डॉक्टर बहुतेक वेळा सिझेरियन करतात. आमच्या चौथ्या मजल्यावरचा मुलगा पोटात पाय खाली करून होता, असं त्याची आई मागे बोलली होती. पण काढला वरून. मग तो पायाळू धरायचा की नाही? या प्रश्नावर आमच्याकडे पूर्ण एक रविवार गेला. ह्यांचं म्हणणं, महत्त्व पोझिशनला आहे. सासूबाईंनी निकाल दिला, "पायाने निघाला होता, पण पायाने पोचला नाही. लाथेत गुण यायचा नाही." मी तत्त्वतः ह्यांच्या बाजूची, कारण मुलगा कराटेला जातो. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी त्याच्या डाव्या पायाकडे बघत राहिले. तो म्हणाला, "आंटी, कितवा मजला?"

उसण चार-आठ दिवसांत आपली आपणच उतरते, हे मला कळतं. तरी मला तो पायाळू हवा होता. तीन लाथा मारून नारळ उचलून तो चालता व्हायचा. 'निर्णय तुमचा' असं तो कधी म्हणाला नाही.

असो. मुलीने पुढचेही आकडे धाडले. २००७ साली हॉलंडमध्ये, पायात कळ सुरू होऊन सहा ते बारा आठवडे झालेल्या २८३ जणांचे दोन गट पाडले. एकाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याला थांबवलं. ऑपरेशनवाले लवकर बरे झाले, पण वर्षअखेर दोघांचा हिशेब सारखाच. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलंच. ही माझी माणसं. मग २०२० साली कॅनडाचा अभ्यास आला, तोही नेमका चार ते बारा महिने कळ सोसणाऱ्या १२८ जणांचा. सुरुवातीला सगळ्यांचा आकडा आठच्या आसपास. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचा सरासरी २.८, बाकीच्यांचा ५.२. आमच्या खिडकीसमोर लोक पाव टक्का जास्त व्याजासाठी ठेव मोडून दुसऱ्या बँकेत जायचे, आणि इथे सरळ २.४ चा फरक पडतोय. हे दिसत असूनही माझी सही होत नव्हती.

भुलीची भीती वाटते, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं, "ऑपरेशननंतर सहा आठवडे वाकायचं नाही." मी ऐटीत म्हणाले, "मी आयुष्यात कोणापुढे वाकले नाही, सहा आठवड्यांचं काय!" घरी येऊन हिशेब केला. ओट्याखालचा तांदळाचा डबा, मशीनमधले कपडे, बादली, सिलिंडरची नळी, देवापुढची रांगोळी, फरशीवर पडलेली कोथिंबिरीची काडी. कोणापुढे वाकले नाही हे खरं. नुसतीच वाकत होते.

आणि मी वाकले नाही तर घराचं काय होतं, हे मार्चमध्येच कळलं होतं. तेव्हा बारा दिवस मला उठताच आलं नाही. मी खोलीतून कान लावून पडले होते. कुकरच्या तीनऐवजी पाच शिट्ट्या झाल्या. पिठलं-आमटी असा नवा प्रकार आला. पण तो सगळ्यांनी खाल्ला, कपडे वाळले, दूध उतू गेलं नाही. बारा दिवसांत "हिंग कुठे आहे?" असं मला कोणी एकदाही विचारलं नाही. हिंग सापडला होता. त्या क्षणी कुणी दहापैकी किती विचारलं असतं, तर मी दहा म्हणाले असते.

एमआरआयचा रिपोर्ट मी वाचत होते तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वय ८१. कमरेत इतक्या वाकल्यात की चालताना जमिनीवर पडलेलं आधी त्यांना दिसतं. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या वेळी हे फोटो नव्हते गं. पाठी होत्या." मी हसले. मग रात्री झोप लागेना, ती फक्त पायामुळे नव्हे. २६ वर्षांपूर्वी मी या घरात आले, तेव्हाही त्या थोड्या वाकलेल्याच होत्या. त्यांची उंचीच तेवढी, असं मला वाटलं होतं. मी कधी विचारलं नाही. मला दोन डॉक्टरांनी विचारलं, एक आकडा नवऱ्याने माझ्या वतीने सांगितला, आणि कॅनडातल्या १२८ जणांचा दशांश चिन्हासकट लिहून ठेवलाय. सकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले (खाली बसता येत नाही) आणि म्हटलं, "तुमचं दहापैकी किती असेल?"

त्यांनी एक खडा बाजूला काढला. "कशाचं?" म्हणाल्या.

गेल्या रविवारी ह्यांनी माझी पायाची नखं कापली. तिथवर माझा हात पोचत नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मोजे घालून झाकत होते. ह्यांनी फरशीवर पेपर पसरला, वाचायचा चष्मा लावला आणि माझा पाय मांडीवर घेतला. मी एकदम मागे ओढला. लग्नाला २६ वर्षं झाली तरी नवऱ्याच्या हातात पाय द्यायचा म्हणजे मला कसंसंच झालं. "अहो, नको. पाया पडल्यासारखं दिसतं."

"हलू नकोस. अंगठ्याचं राहिलंय," ते म्हणाले. मग नेलकटर चालवत, खालीच बघत, "करून टाक आता. तू कितीदा उठतेस ते मोजून मोजून माझी झोप गेली आहे."

मी फॉर्मवर सही केली. गुरुवारी भरती होतेय, जांभळा गाऊन वरच ठेवलाय. मुलगी आली, मावशींना सगळं दाखवून झालं. सासूबाईंनाही मी येत्या महिन्यात डॉक्टरांकडे नेणार आहे. "मला नको हो फोटो," म्हणाल्या, पण कुठली साडी नेसायची तेही विचारून घेतलं.

फक्त हिंगाची डबी मी काल जागेवरून हलवली. सगळ्यात वरच्या फळीवर, साबुदाण्याच्या डब्यामागे. डॉक्टरांनी वाकायचं नाही एवढंच सांगितलंय. हात वर करू नका, असं ते कुठे म्हणाले नाहीत.