खुर, जंघा, शुकनास : देऊळ बघायला निघालेल्या नवशिक्यांसाठी

सराव ढोकीत करावा, प्रयोग तेरला. ढोकीसारखी जागा नाही. लातूर-बार्शी रस्ता, साखर कारखाना आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. या गोंगाटात चौकात उभे राहून ‘मत्तवारण, मत्तवारण’ असे मोठ्याने घोकले, तरी नवीन ट्रॅक्टर आला असेल असे समजून लोक पुढे जातात. मत्तवारण म्हणजे माजलेला हत्ती. देवळात मात्र मंडपाच्या कडेच्या कठड्याला मत्तवारण म्हणतात. असे का, हे विचारायचे नाही. शब्द तोंडात घोळवायचा आणि मजा घ्यायची.

साहित्य फार लागत नाही. एक टोपी, पाण्याची बाटली आणि दोन्ही हात मागे बांधून चालायची सवय. वही नको. वही दिसली की लोक सर्वेवाला समजून घरकुलाच्या यादीत नाव आहे का, ते विचारतात.

नवे शब्द शिकण्याआधी एक जुना सोडावा लागेल : ‘हेमाडपंती’. काळा दगड दिसला की आपण हा शब्द फेकतो. हेमाद्री तेराव्या शतकातला, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेला. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, म्हणजे त्याच्या कितीतरी आधीचे, पण लोक तेही त्याच्याच नावावर मांडतात. मोडी त्याची, बाजरी त्याची, देवळेही त्याचीच. एका माणसाने किती करावे?

आता मुख्य धडा. देऊळ खालून वर वाचायचे असते. तळाशी जो थर दिसतो तो खुर. त्याच्यावर कुंभ. थोडे वर पागोळीसारखा पुढे आलेला काठ म्हणजे कपोत, अर्थात पारवा. मग जिच्यावर मूर्ती असतात ती भिंत. तिचे नाव जंघा. शिखराच्या पुढच्या बाजूला जो भाग बाहेर डोकावतो तो शुकनास, पोपटाचे नाक. शेवटी कळसाच्या खाली खाचा पाडलेली दगडी चकती, आमलक. खुरांवर उभे, मांड्यांवर तोललेले, पोपटाच्या नाकाचे आणि डोक्यावर आवळा ठेवलेले हे जनावर बघून ज्याला हसू येत नाही, त्याने या नादाला लागू नये. स्थापत्याचे ग्रंथ लिहिणारे गंभीर होते असे आपण उगाच मानतो.

सभामंडप आणि गाभारा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेला अंतराळ म्हणतात. फोनवर ‘कुठे आहेस?’ असे विचारल्यास ‘अंतराळात’ हे खरे उत्तर देता येण्याची सोय इस्रोबाहेर फक्त इथेच आहे. उपयोगाच्या दृष्टीने सर्वांत चांगला शब्द ललाटबिंब. दाराच्या वरच्या पट्टीच्या मधोमध जी छोटी मूर्ती असते, ती. गाभाऱ्याचे दार बुटके असते. शिरताना ‘ललाटबिंब!’ असे ओरडल्यास मागून येणाऱ्याचे ललाट वाचते.

खांबाच्या माथ्यावर, पोट सुटलेला, छत पेलून दमलेला एक बुटका दिसेल. तो कीचक. महाभारतातला नव्हे, हा बिचारा कष्टकरी आहे. त्याला पाहून घरातले कोणी आठवल्यास तिथल्या तिथे सांगू नये.

एवढी तयारी करून ढोकीहून तेरला पोचल्यावर पहिला धक्का बसतो. त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे आहे! खुर शोधावा, जंघा शोधावी, तर समोर मागच्या बाजूला गोलाई घेतलेली, वर हत्तीच्या पाठीसारखी फुगलेली इमारत. मूळचे हे बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. घाबरू नये. दोन शब्द खिशात ठेवावेत : जमिनीवरच्या आराखड्याला चापाकार, छताला गजपृष्ठ. तेवढ्यावर निभावते. आणखी छाप पाडायची असेल तर तेर म्हणजेच ‘तगर’ हे सांगावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे बाजारगाव आहे. लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आहे. तिला चौकट म्हणू नये. द्वारशाखा म्हणावे आणि एक पाऊल मागे सरकावे.

मूर्तीपुढे ‘त्रिभंग’ म्हणताना आवाज बेताचा ठेवावा. मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी मुरडलेली उभी राहण्याची ढब, एवढाच त्याचा अर्थ. पण अभंग रचणाऱ्या संताच्या गावात तीन ठिकाणी भंगलेले काय आहे, म्हणून एखादी आजी काळजीने विचारते.

तो संत म्हणजे गोरोबाकाका, आणि खरी जोखीम तिथेच आहे. त्यांनी थापटण्याने जमलेल्या संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, अशी कथा सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा इथे शेखी मिरवताना टोपी काढू नये. तरीही कोणी ‘अजून कच्चे आहात’ म्हणालेच, तर वाद घालू नये. नामदेव विसोबा खेचरांकडे औंढ्याला गेले, तुम्हीही औंढ्याची एसटी पकडावी. तिथले देऊळ दगडाचे आहे. खुरापासून जंघेपर्यंत पाठ केलेले सगळे एकदाचे भिंतीवर सापडते.