तज्ज्ञाचे तळवे

ट्रेकिंगचं वय निघून चाललं की ट्रेकिंगबद्दलचं ज्ञान वाढायला लागतं. गुडघे कुरकुरायला लागतात आणि जीभ मोकळी सुटते. कुठल्या किल्ल्याला कुठून वाट आहे, पाण्याचं टाकं कुठल्या अंगाला आहे, कुणी कुठल्या साली वेढा घातला, हे सगळं मला घरच्या आरामखुर्चीतून दिसतं. म्हणून पुतण्याने आणि त्याच्या मित्रांनी वासोट्याचा बेत केला, तेव्हा ‘इतिहास समजावून सांगायला कुणी तरी हवं’ असा मुद्दा मीच मांडला आणि बिनविरोध निवडूनही आलो. मतदान झालं नव्हतं.

माझी तयारी जय्यत होती, म्हणजे खरेदी जय्यत होती. त्यातला मुकुटमणी म्हणजे बूट. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, जाड तळाचे. कित्येक वर्षांपूर्वी सेलमध्ये घेतले आणि ‘खराब होतील’ म्हणून एकदाही घातले नाहीत. खोक्यात, कागदात गुंडाळून, माळ्यावर. सौ. म्हणाली, “आधी चार दिवस सोसायटीत फिरून बघा.” हिमालयासाठी बनवलेले बूट भाजी आणायला घालायचे? मला तो त्या बुटांचा अपमान वाटला.

वासोट्याला जायचं तर साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून बामणोलीला उतरायचं, परवानगी काढायची आणि लाँचने शिवसागर पार करायचा. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेला धावते आणि कोयनानगरच्या धरणाला अडून मागे पसरते. तो फुगवटा म्हणजे शिवसागर. डिझेल इंजिनाच्या फटफटाटावर आवाज चढवून मी मुलांना हे सांगत होतो. धरणाची भिंत 103 मीटर उंच, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप, जलाशयाच्या दाबाने भूकंप होतात की नाही यावरचा शास्त्रज्ञांचा वाद, असा मी रंगात आलो असताना लाँचवाल्या मामांनी हनुवटीने पाण्याकडे खूण केली.

“माझ्या आज्याचं घर त्या तिथं खाली हाय. आन् त्याच्या पलीकडं आमची खाचरं.”

मुलं मामांकडे सरकून बसली. पुढचा तासभर ती त्यांचंच ऐकत होती. मी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत बसलो.

पलीकडच्या काठाला, मेट इंदवलीला उतरलं की वनखात्याची चौकी. हे कोयना अभयारण्य, 1985 चं. 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. इथे जंगलात नेल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकची मोजदाद होते. अनामत भरायची, परत येताना तेवढंच प्लॅस्टिक दाखवायचं आणि पैसे घेऊन जायचं. नियम मला इतका पसंत होता की मी मुलांना त्यावर एक छोटं भाषणही दिलं. मग माझी सॅक उघडली गेली.

मुलांच्या सॅकांतून दोन-दोन पाण्याच्या बाटल्या आणि एखादा बिस्किटाचा पुडा निघाला होता. माझ्या सॅकमधून गार्डदादा एकेक वस्तू काढून फळीवर मांडत गेले. बाटल्या. ग्लुकोजचे पुडे. खाकऱ्याची पाकिटं. पित्ताच्या, डोकेदुखीच्या, उलटीच्या गोळ्यांच्या पट्ट्या. सनस्क्रीनची ट्यूब, डासांच्या मलमाची ट्यूब, गुडघ्याच्या मलमाची ट्यूब. रेनकोट आणि रेनकोटची पिशवी. ती पिशवी भिजू नये म्हणून तिच्यावर घातलेली दुसरी पिशवी. मागे रांग वाढत चालली.

“काका,” दादांनी शांतपणे विचारलं, “वर दुकान लावायचंय का?”

रजिस्टरात माझ्या नावापुढे 41 आकडा पडला. आख्ख्या ग्रुपचे मिळूनही तेवढे झाले नव्हते.

बरोबर गावातला एक वाटाड्या घेतला होता. अंगात साधा शर्ट, हातात कोयती, पायात रबरी चपला. त्याने माझ्या बुटांकडे आदराने पाहिलं असं मला वाटलं. तो म्हणाला, “काका, बूट कवाचा हाय?” मी कंपनी सांगितली. तो म्हणाला, “कंपनी न्हाई, साल इचारतोय.” मी हसलो. खेड्यातल्या माणसाला ब्रँडचं काय कळणार!

ओढ्याकाठी मारुती आणि गणपतीच्या मूर्ती लागतात. त्यांना नमस्कार करून जंगलात शिरलो. इथलं रान इतकं दाट की दुपारीसुद्धा ऊन कवडशांनीच खाली येतं. अंजन, हिरडा, जांभूळ आणि त्यांच्यावरून लोंबणारे मनगटाएवढे वेल. वर कुठे तरी शेकरू ओरडत होतं. मुलं गप्प झाली होती. साहजिकच बोलण्याची जबाबदारी माझ्यावर आली. शिवरायांनी या गडाला व्याघ्रगड नाव दिलं इथपासून सुरुवात करून मी ताई तेलिणीपर्यंत आलो. पेशवाईच्या अखेरीला तिने बापू गोखल्यांच्या फौजेपुढे हा किल्ला काही महिने लढवला. पुतण्याने वाटाड्याच्या कानात काही तरी विचारलं. वाटाड्या मोठ्याने म्हणाला, “बोलू द्या त्यास्नी. काका बोलत्यात तंवर अस्वल जवळ येत न्हाई.”

इतिहासाचा इतका व्यावहारिक उपयोग आजवर कुणी केला नसेल.

सपाटी संपून खडा चढ लागला आणि व्याख्यान आपोआप आटोपशीर होत गेलं. आधी सनावळ्या गळल्या, मग क्रियापदं. 1818 च्या युद्धात हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी या गडावर कैदेत होते आणि त्या एप्रिलमध्ये गड पडल्यावर सुटले, ही माझी हुकमी गोष्ट. ती मी ‘हंटर... मॉरिसन... कैद...’ एवढ्यावर भागवली. त्या दोघांना निदान शिपायांनी ढकलत वर नेलं असेल. मला तेही सुख नव्हतं.

तेवढ्यात उजव्या पायाखालून फट्-फट् असा आवाज यायला लागला. पाहतो तर टाचेकडून तळ सुटलेला. शिळ्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा, पुढच्या बोटांवर लटकत होता. मी पाय उचलला की तो मागे राहायचा, पाय टेकला की उशिरा येऊन पोचायचा. हाताने दाबला तर बोटांना काळा भुगा लागला. वाटाड्याने कमरेची सुतळी काढली, बुटाला आडवे-उभे वेढे देऊन गाठ मारली आणि कसलीही टिप्पणी न करता पुढे झाला. त्या न केलेल्या टिप्पणीचं ओझं मी बराच वेळ वाहिलं. मग डाव्यानेही मान टाकली. सुतळी संपली होती, म्हणून रेनकोटची नाडी कामी आली. सॅकमधल्या 41 वस्तूंपैकी उपयोगी पडलेली ही एकमेव.

शेवटच्या पायऱ्या, पडका दरवाजा आणि छप्पर नसलेला मारुती मी जवळजवळ मोज्यांवर गाठले. खडीचा प्रत्येक खडा तळव्याला वेगळा कळत होता. मुलांची जेवणं आटोपली होती. “काका, इतिहास?” एकाने विचारलं. मी पाणी मागितलं.

मात्र बाबू कडा पाहिला. वासोटा आणि जुना वासोटा यांच्यामधला तो काळा, सरळ तुटलेला कडा. खाली कोकणाकडचं रान. आणि त्या पोकळीतून अंगावर वर येणारा वारा. त्याच्याविषयी मी घरून वाक्यं पाठ करून आणली होती. ती एकही आठवली नाही. पोटावर पडून, कडेला हात घट्ट धरून मी खाली पाहत राहिलो. माझ्या घोट्यांवर कुणी तरी वजन देऊन बसलं होतं. मागाहून कळलं, तो वाटाड्या होता.

तिथून पुढे नागेश्वरला जायचा बेत माझ्यामुळे रद्द झाला. संध्याकाळच्या आत चौकीला परतायचं आणि लाँच गाठायची असल्याने माझ्या चालीवर सगळ्यांचं वेळापत्रक बसवावं लागलं. उतरताना मुलांनी एक नवा खेळ काढला. येताना माझ्या बुटांनी वाटभर सांडलेले काळे तुकडे ती वेचत होती. पुतण्या ओरडायचा, “सापडला! इथे काका बसले होते.” पुन्हा थोड्या अंतरावर, “इथेही बसले होते!” माझ्या चढाईचा असा पुराव्यानिशी इतिहास लिहिला जात होता, आणि तज्ज्ञ मी नव्हतो.

चौकीवर मोजणी झाली. 41 च्या 41 वस्तू हजर. मग मुलांनी तळाच्या तुकड्यांची पिशवी फळीवर ठेवली. गार्डदादांनी वही पाहिली, पिशवी पाहिली, माझे पाय पाहिले.

“हे यादीत न्हाई.”

नेलं त्यापेक्षा जास्त प्लॅस्टिक परत आणणाऱ्याचं काय करायचं, यावर मागच्या रांगेने बरीच मतं दिली. शेवटी अनामत पूर्ण मिळाली. लाँचवाल्या मामांनी मला हात देऊन आत घेतलं आणि बसायला इंजिनाशेजारची ऊबदार जागा दिली. म्हाताऱ्यांना देतात ती.

घराजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे बूट नेले, तेव्हा त्याने तळ बोटांनी चुरडून दाखवला. या जातीच्या फोमला हवेतली ओलच पुरते. बूट घाला नाही तर माळ्यावर ठेवा, वर्षं उलटली की तो आतून कुजतो. “जपलेला बूट असाच जातो, साहेब,” तो म्हणाला, आणि कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं.

परवा सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघात ‘वासोटा : एक अनुभव’ या विषयावर माझं सचित्र व्याख्यान झालं. शिवसागर, बाबू कडा, पडका दरवाजा, सगळे फोटो दाखवले. मी ज्यांत आहे ते गुडघ्यापर्यंतच दाखवले. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, “बूट कुठले घ्यावेत?” मी चष्मा पुसला, एक पाऊल पुढे आलो आणि या विषयावर वीस मिनिटं बोललो.