मध्यक विचारा

मुंबईत हिंदमाताच्या बाजारात ड्रेस मटेरियल घेताना आपण कापड चुरगळून बघतो, उलटं करून बघतो, दुकानाबाहेर उजेडात नेतो. मग भाव पाडायला बसतो. तेच आपण पोराच्या मॅनेजमेंटच्या डिग्रीसाठी लाखांत फी मोजताना काय बघतो? माहितीपत्रकावरची काचेची इमारत.

बरं, त्या डिग्रीत शिकवतात तो एक विषय कोणता? क्वांटिटेटिव्ह मेथड्स. म्हणजे आकड्यांना फसू नये, याचं शिक्षण.

फसवणूक प्रवेशाआधीच उरकते.

‘हायेस्ट पॅकेज ४० लाख!’ कुणाचं? एकाचं. बाकीचे फलकावर मावले नाहीत.

मग पुढे सरकवतात ‘सरासरी’. समजा, नऊ मुलांना ४ लाख आणि दहाव्याला ४०. सरासरी ७.६ लाख. वर्गात हा पगार मिळाला किती जणांना? एकालाही नाही. आणि ज्यांना नोकरीच लागली नाही, ते तर हिशेबातच नाहीत. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावून अगदी मधला, काढला असता तर ४ लाख निघाले असते. शाळेत शिकवला होता हो, दोन मार्कांसाठी.

नावांची गंमत वेगळीच. २०२४मध्ये बीएमएस, बीबीए हे पदवी अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेकडे, म्हणजे एआयसीटीईकडे गेले आणि प्रवेशाला सीईटी ही परीक्षा आली. मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं बारसं करून ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ करून टाकलं. सीईटीची कटकट गेली! इकडे सीईटीला जागांपेक्षा मुलंच कमी, म्हणून ऑगस्टमध्ये ती पुन्हा घेतली. मागणी-पुरवठ्याचा धडा सरकारी खर्चाने.

पवईची ‘नीटी’ ही संस्था १९६३ची. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगवाले तिचं नाव आदराने घेत, आपल्या चाळीत मात्र कुणाला पत्ता नव्हता. २०२३मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. आता काकूही विचारतात, ‘आमच्या बंटीला मिळेल ना?’

क्वांटिटेटिव्ह मेथड्स हा खरा विषय पाहायचा तर जुलैत हिंदमाताच्या पुलाखाली या. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. पाऊस हिशेब पाळत नाही. पाणी येतं किती, जातं किती, भरती कधी, साठवायला टाकी केवढी? पालिकेने परळला भूमिगत टाक्या बांधल्या, त्यामागे हेच गणित. हे वर्गात शिकवणार कोण? मास्तर कायम की तासिका तत्त्वावरचे? कॅन्टीन एसी आहे का, हे मात्र आपण विचारून आलेलो असतो.

एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीसाठी कॉलेजं जी माहिती देतात, तीत पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली आणि पगाराचा मध्यक किती, हे तिन्ही आकडे असतात. संकेतस्थळावर, फुकट. तुमचं कॉलेज तिथे नसेल, तर हेच तीन आकडे त्यांच्याकडे लेखी मागा.

लेखी देत नसतील, तर चेकबुक खिशातच राहू द्या.