नमुना नंबर सात

आमच्या इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याचे पाणी उसास हवे असेल, तर शेतकऱ्याला नमुना नंबर ७ चा अर्ज भरून गट नंबर, पीक आणि क्षेत्र यांचा तपशील द्यावा लागतो, मागील थकबाकीचा निकाल लावावा लागतो, आणि एवढे सोपस्कार पार पडल्यावरही पाटकऱ्याची मर्जी व वरच्या अंगाच्या बागाईतदारांची तहान ही दोन दैवते प्रसन्न झाली, तरच टेलच्या सरीत पाणी उतरते. याउलट वरकुट्याहून बारामतीस निघालेला गृहस्थ वाटेतल्या औषधाच्या दुकानी थांबून ‘जरा पॉवरची गोळी द्या’ एवढेच उच्चारील, तर त्यास अर्जाविना, पावतीविना आणि बहुधा रोगाविनाही अँटिबायोटिक मिळते.

सरकार स्वस्थ बसले, असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. १ मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या ‘एच-१’ परिशिष्टात ४६ औषधे घालून, ती घेणाऱ्या रोग्याचे व लिहून देणाऱ्या डॉक्टरचे नाव स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जतन करण्याचा हुकूम दुकानदारांस झाला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांस लिहिले की, अँटिबायोटिक देताना त्याचे कारणही चिठ्ठीवर नमूद करावे.

हा दंडक गावोगावच्या दवाखान्यांस लागू झाला, तर आमच्या एका डॉक्टर स्नेह्याची मोठीच पंचाईत होईल, कारण प्रामाणिकपणे लिहावयाचे तर त्यांस असे लिहावे लागेल: ‘रोग्यास विषाणूजन्य सर्दी असून ती या औषधास दाद देणारी नाही, तथापि रोग्याचे मेहुणे पुण्याहून आले असून, एक सलाईन व दोन भारी इंजेक्शने टोचल्याखेरीज ते हलण्यास राजी नाहीत.’ थुंकीचा वा लघवीचा कल्चर अहवाल येईपर्यंत दोन-तीन दिवस थांबा, असे सांगणाऱ्या डॉक्टरचा रोगी तिसऱ्या प्रहरी शेजारच्या दवाखान्यात दाखल होतो, हा त्यांचा अनुभव.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिकांची तीन गटांत वाटणी करून शेवटच्या गटास ‘राखीव’ म्हटले. राखीव साठा म्हणजे काय, हे उजनी धरणाच्या काठी राहणाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. आणि वरचे लोक मोटारी लावून तो कसा उपसतात, हेही नको. मोठ्या इस्पितळांत आता औषधांचा हा राखीव साठा वरिष्ठांच्या सहीवाचून उघडत नाही म्हणतात. पाटकरी नेमला, हे ठीकच. परंतु आमच्या घरी फळीवर उरलेल्या गोळ्यांवर पाटकरी कोण? पाच दिवसांच्या गोळ्या, दोन दिवसांत ताप उतरला की उरलेल्या तीन दिवसांच्या सासऱ्यांकरिता.

अपुऱ्या गोळ्यांचा हा धोका जुनाच. पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. त्याच्या नऊ वर्षे आधीच पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने नोबेल व्याख्यानात एका काल्पनिक अमुकरावांची गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून हे गृहस्थ दुकानातून पेनिसिलिन आणतात, अपुरे घेतात, जंतूंना त्याची सवय लावतात आणि तेच जंतू पत्नीस देतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही, आणि ती मरते.