आधी रोड दाखवा

सिरोंच्यात वस्तूची किंमत रुपयांत कळून भागत नाही. ती किती किलोमीटरवर मिळते ते आधी विचारावं लागतं. भाजी शून्य किलोमीटर. बरा चष्मा मंचिर्याल. दाताची कवळी चंद्रपूर. आणि साहेबांची सही गडचिरोली, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावलात तर आम्ही उजवीकडे अगदी खाली सापडतो, बहुधा खिळ्याच्या आसपास. प्राणहिता ओलांडली की तेलंगणा, गोदावरी ओलांडली तरी तेलंगणाच, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. परराज्यात जायला आम्हाला नुसता पूल लागतो. स्वतःच्या राज्यात जायचं तर शंभरेक किलोमीटर जंगल आणि आलापल्लीचा रस्ता लागतो. त्या रस्त्याबद्दल पुढे बोलावंच लागेल.

अशा गावात पन्नाशी ओलांडल्यावर मी पुन्हा सायकल चालवायची ठरवली. निमित्त साखर, रक्तातली. डॉक्टर म्हणाले, दहा किलो उतरवा. शाळेत असताना दांडीखालून पाय घालून काळी बावीस इंची सायकल अर्ध्या पायडलवर पळवली होती, त्या भांडवलावर मी होकार दिला. मधल्या काळात लुना आली, मोटरसायकल आली, पोट आलं.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो शनिवार-रविवार सायकलवर असतो आणि सोमवार ते शुक्रवार त्याबद्दल बोलतो. "मामा, साधी सायकल घेऊच नका. एन्ट्री लेव्हल रोड बाइक घ्या. पंचवीस-तीस हजारांत चांगली येते." मग त्याने मला नागपूरच्या डॉ. अमित समर्थांची गोष्ट सांगितली. त्यांनी २०१७ साली अमेरिका आडवी कापणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक, नऊ हजारांहून जास्त किलोमीटर. "तुमच्या विदर्भाचेच आहेत, मामा!" माणूस थोर, यात वादच नाही. फक्त त्यांच्या वाटेत वाळवंट होतं, डोंगर होते, सैबेरिया होता. आलापल्लीचा रस्ता नव्हता.

अभ्यासाला लागलो. पहिला धडा असा की, या धंद्यात सामान कमी होत जातं तसा भाव वाढत जातो. काळ्या सायकलला स्टँड, कॅरिअर, घंटी, मडगार्ड, चेनकव्हर, कुलूप, सगळं येतं आणि ती पाच-सहा हजारांत घरी येते. पंचवीस हजारांच्या रोड बाइकला यातलं काहीच नसतं. लाखाच्या पुढे गेलात तर पायडलसुद्धा बऱ्याचदा वेगळं विकत घ्यावं लागतं. हे ऐकून ही म्हणाली, "अहो, मग दोन लाखांत नुसती पिशवी देत असतील."

दुसरा धडा वजनाचा. काळी सायकल वीस किलोच्या घरात, ॲल्युमिनियमची साधी रोड बाइक दहा-अकरा, कार्बनची सात-आठ. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलला ६.८ किलोची खालची मर्यादाच घालून दिली आहे, कारण लोक त्याच्याही खाली जायला लागले होते. भाचा म्हणाला, पन्नास हजार जास्त टाकले तर सायकलचे तीन किलो कमी होतात. डॉक्टर माझे दहा किलो फुकट कमी करायला सांगत होते. मी डॉक्टरांचं ऐकायचं ठरवलं.

तिसरा धडा मात्र झटकन डोक्यात शिरला. शिमानो ही जपानी कंपनी गिअर बनवते आणि तिची उतरंड थेट सरकारी खात्यातली आहे. टूर्नी म्हणजे शिपाई: कुरकुरतो, पण सगळी कामं तोच करतो. क्लॅरिस, मागे आठ चकत्या, म्हणजे कारकून. सोरा, नऊ चकत्या, नायब तहसीलदार. टियाग्रा, दहा, तहसीलदार. १०५ म्हणजे प्रांत. अल्टेग्रा कलेक्टर, आणि ड्युरा-एस मंत्रालयात बसतं. आपण फोटोला नमस्कार करायचा. "सोराच्या खाली उतरू नका," भाच्याने बजावलं. मी म्हटलं, बाबा रे, माझी अख्खी नोकरी कारकुनाने ओढली आहे, सायकलही ओढेल. शिवाय आमच्याकडे नदीकाठचा मुलूख सपाट. चढ म्हणावा असा एक पुलाचा, आणि दुसरा बिलं मंजूर होण्याचा.

मग माप. काळ्या सायकलची नेहमीची मापं दोन, बावीस आणि चोवीस, आणि दुकानदार नजरेने सांगतो. इथे पाय उघडे करून भिंतीला टेकून उभं राहायचं, मांड्यांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत दाबायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत सेंटिमीटर मोजायचे. घरात जाड पुस्तक एकच, मुलाचा स्पर्धा परीक्षेचा ठोकळा. मी ठोकळा धरून उभा, ही शिलाईचा टेप घेऊन खाली बसलेली, आणि नेमकी त्याच वेळी शेजारची वहिनी विरजण मागायला आली. वहिनी काही बोलली नाही. विरजणही न घेता गेली. ऐंशी सेंटिमीटर भरले. त्याला ०.६७ने गुणलं की फ्रेमचं माप निघतं: चोपन्न. मुलगा म्हणाला, त्या ठोकळ्याचा एवढा उपयोग घरात पहिल्यांदाच झाला.

रोड बाइकमध्येही दोन जाती. रेसच्या सायकलवर माणूस इतका वाकतो की त्याला पुढचं चाक तेवढं दिसतं. एन्ड्युरन्स म्हणतात तिचं हँडल जरा उंच आणि जवळ, पाठ थोडी सरळ राहते आणि रस्ता दिसतो. सिरोंच्यात रस्ता दिसणं ही चैन नाही.

आता तो रस्ता. आमच्या गावातून दोन राष्ट्रीय महामार्ग जातात, हे वाचताना छाती फुगते. त्यातला आलापल्लीकडे जाणारा इतकी वर्षं खड्ड्यांसाठी ओळखला गेला की, ड्रायव्हर लोक त्यावर किलोमीटर मोजत नाहीत, तास मोजतात. उलट गोदावरीचा पूल ओलांडून कालेश्वरमच्या बाजूला चाक लागलं की गाडीचा आवाजच बदलतो, मागे झोपलेली माणसं जागी होतात आणि विचारतात, "थांबलो का?" तेव्हा रोड बाइक घ्यायचीच, तर ती महाराष्ट्रात विकत घेऊन तेलंगणात चालवायची, असा एकूण हिशेब होता. भाच्याच्या क्लबात दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत मारले की पदक मिळतं. आमच्याकडे दोनशे किलोमीटर म्हणजे जिल्ह्याची मीटिंग. पदकाचं सोडा, टीए बिलही वेळेवर निघत नाही.

नुसत्या वाचनाने समाधान होईना. गावात नोकरीवर आलेल्या एका तरुण डॉक्टरकडे अशी सायकल होती. एक दिवस चालवायला मागून घेतली. निळी, देखणी, एका बोटाने उचलता येणारी, आणि टायर पंचवीस मिलिमीटरचे. पहाटे निघालो, कारण एप्रिलमध्ये आठनंतर इथे डांबर मऊ व्हायला लागतं. रस्त्याकडेला मोहफुलं वेचायला बाया-पोरं आली होती. एका म्हातारीने टोपली खाली ठेवून मनापासून विचारलं, "गाडी बंद पडली का, सायेब?" तालुक्याच्या गावात मध्यमवयीन नोकरदार सायकलवर दिसला की त्याची मोटरसायकल बिघडली असणार, पेट्रोल संपलं असणार, नाहीतर निलंबन झालं असणार, चौथं कारण लोकांना सुचत नाही. लाकडाच्या नाक्यावरच्या गार्डने सायकलची दांडी टिचकी मारून पाहिली. या भागात नाक्यावर आधी सागवानाचा संशय घेतात. "कार्बन आहे?" त्याने विचारलं. ॲल्युमिनियम, म्हटलं. तो जरा निराश झाला.

परतताना पंक्चर. चौकातल्या पंक्चरवाल्या अन्नाने सायकल हातात घेतली आणि आधी स्टँड शोधला. नाही. मग ती उलटी करायला गेला आणि हँडल पाहून थबकला. "एंदी सार इदी? हँडल उलटा बसला की. सरळ करून देऊ?" राहू दे म्हटलं. त्याने ट्यूबच्या तोंडावरचं टोपण काढलं. आत पेन्सिलच्या टोकाएवढा पितळी दांडा, डोक्यावर इवलासा पेच. अन्नाने आपल्या पंपाचं तोंड त्यावर धरलं; मागून धरलं; थुंकी लावून धरलं. हवा चारी बाजूंनी गेली, आत सोडून. या नळीला प्रेस्टा म्हणतात आणि काळ्या सायकलचा पंप तिला चालत नाही. पितळेची छोटी टोपी चढवली की चालतो. ती टोपी स्वस्त असते, फक्त नागपूरला मिळते.

"टायरच बदलून टाकू सार, २८ आहे ना? माझ्याकडे २८ आहे." त्याने खुंटीवरचा २८ बाय दीडचा काळा टायर काढला. बोलाचालीत दोन्ही चाकं अठ्ठावीस इंची. पण काळ्या सायकलच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि रोड बाइकचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक. अन्नाने टायर बसवला आणि तो चाकाभोवती सैल फिरत राहिला. आम्ही दोघं बराच वेळ त्याकडे बघत होतो. शेवटी अन्नाने घमेल्यातल्या पाण्यात हात धुतले आणि निकाल दिला: "सार, महाग सायकल नका घेऊ, स्वस्त नका घेऊ. मला समजेल अशी घ्या."

भाच्याच्या सगळ्या फोनपेक्षा हे वाक्य जास्त कामाचं होतं. परवडणारी सायकल कोणती, ते पावतीवरच्या आकड्यावरून नव्हे, बिघडल्यावर किती लांब न्यावी लागते त्यावरून ठरतं. सत्तावीस हजारांच्या सायकलला वीस रुपयांच्या टोपीसाठी सातशे किलोमीटर जाऊन यावं लागत असेल, तर ती महाग आहे. म्हणून यादी नव्याने केली. फ्रेम ॲल्युमिनियमची चालेल, पण पुढचा चिमटा लोखंडी, म्हणजे वाकला तर ठोकून सरळ होईल. टायर निदान बत्तीसचे आणि चाक-फ्रेममध्ये बोट जाईल एवढी जागा, नाहीतर पावसाळ्यात चिखल आतच मुक्काम करतो. रुंद टायरला हवाही कमी दाबाची लागते, त्यामुळे माकडहाडावर उपकार होतात. रिमला नळीचं भोक मोठं, म्हणजे अडीअडचणीला अन्नाकडची साधी ट्यूब वेळ निभावते. मागे कॅरिअर कसायला पेचाची भोकं. गिअर कारकुनी.

भाचा हिरमुसला. त्याची समजूत काढायला मी इतिहास काढला. १९८५च्या डिसेंबरात बाबा आमटेंनी भारत जोडो अभियान काढलं, तेव्हा शंभराहून जास्त तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत सायकलवर गेले. पाच हजार किलोमीटर, साध्या सायकलींवर. बाबांचं आनंदवन वरोऱ्याला, म्हणजे आमच्याच जुन्या चांदा जिल्ह्यात. त्याहून जुना दाखला हवा असेल तर बारापासॉरसचा. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचा हा डायनासोर सिरोंच्याच्या परिसरातल्या खडकांत सापडला, १९७५ साली त्याला नाव मिळालं आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. पायाची हाडं दणकट मिळाली. कवटी काही सापडली नाही. या मुलुखात टिकायचं तर डोक्यापेक्षा पायांवर भर द्यावा, हे तेव्हापासून ठरलेलं दिसतं.

खरी तज्ज्ञ मंडळी तर रोज सकाळी दिसतात. मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. शासन एका सायकलीला पाच हजार देतं. तशा सायकलवर दप्तर कॅरिअरला, पुढे डबा, मागे मैत्रीण, अशा दोन पोरी तेलुगूत गप्पा मारत मला ओलांडून गेल्या. मी तेव्हा डॉक्टरच्या निळ्या सायकलवर होतो, दोन्ही हात खालच्या वाकणावर, जीव खाऊन. मागच्या मुलीने वळून "गुड मॉर्निंग सर" म्हटलं. उत्तर द्यायला श्वास नव्हता.

अखेर यादीबरहुकूम सायकल मिळाली, पंचवीस हजारांच्या आतच, आणि नागपूरहून एका खासगी बसच्या टपावर बसून आली. अन्नाने तिला उलटी करून, चाकं फिरवून, नळीत स्वतःच्या पंपाने हवा भरून पाहिली, मग पास केली. त्याच दिवशी कॅरिअर, घंटी, मडगार्ड आणि जाडजूड साइड स्टँड बसवला. भाच्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "मामा, हे काय करून ठेवलंत? स्टँडच अर्धा किलोचा आहे! ही आता रोड बाइक राहिली तरी का?"

"राहिली की," मी म्हटलं. "टायर महाराष्ट्राच्या रोडचे आहेत, गिअर तेलंगणाच्या रोडचे, आणि स्टँड तुझ्या मामीच्या हुकमाचा."