सर्व्हरवाला

पुण्या-ठाण्याकडच्या मध्यम आकाराच्या कारखान्यात सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर एकच असतो आणि त्याची बैठक जिन्याखालच्या खोलीत असते. ही खोली मुळात स्टेशनरीची. त्यामुळे तिच्या एका भिंतीशी सर्व्हरचा रॅक आणि दुसऱ्या भिंतीशी जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे सुखाने नांदतात. खोलीतला एसी माणसासाठी नसून यंत्रासाठी आहे, हे ॲडमिनने मे महिन्यात घातलेल्या स्वेटरवरून ओळखावे. एसीचे पाणी नेमके रॅकच्या वर गळते. तिथे टांगलेली बादली ही कंपनीच्या आपत्ती-व्यवस्थापनाची पहिली, आणि बहुधा एकमेव, मंजूर खरेदी होय.

सर्व्हर बंद पडल्याची वर्दी फोनवरून येते आणि ती भरवशाची नसते. ‘सर्व्हर डाऊन’ या निदानात टॅली न उघडणे, प्रिंटरचा टोनर संपणे, टेबलाखाली पाय लागून वायर निघणे आणि पासवर्ड विसरणे हे सगळे विकार मोडतात. ॲडमिन एकच प्रश्न विचारतो, “मॅडम, कालपासून काय बदललं?” उत्तर ठरलेले असते, “काही नाही हो दादा, मी काहीच केलं नाही.” या उत्तरावर विश्वास न ठेवणे ही पेशाची मूळ पात्रता, पदवी नंतर. अर्ध्या तासाने कळते की कोणी तरी मोबाइल चार्ज करायला नेटवर्क स्विचचीच पिन काढली होती. ज्याने काढली तो तोवर गर्दीत उभा राहून “आपल्याकडचं आयटी असंच आहे” असे म्हणत असतो.

तपासणी खालून वर जाते: आधी वीज, मग केबल, मग दिवे, मग पिंग, म्हणजे नेटवर्कवरून यंत्राला मारलेली हाक. आकड्यांच्या पत्त्यावर पिंग पोचतो पण सर्व्हरच्या नावावर पोचत नाही, असे दिसले की ॲडमिनच्या चेहऱ्यावर ओळखीचे माणूस भेटल्याचा आनंद उमटतो, कारण दोष नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा असतो. डिस्क भरली असेल तर दोन संशयित. एक, महिनोन् महिने कोणी न कापलेली लॉग फाइल. दुसरा, सामायिक फोल्डरात ठेवलेला मालकांच्या कन्येच्या लग्नाचा व्हिडिओ. पहिला तत्काळ उडवला जातो. दुसऱ्यासाठी नवी डिस्क मागवली जाते.

रीस्टार्टबद्दल त्याचे मत तात्त्विकदृष्ट्या प्रतिकूल असते. रीस्टार्टने रोग जातो, पण रोगाचा पुरावाही जातो. मात्र महिन्याची वीस तारीख असेल, जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असेल आणि अकाउंट्सचे साहेब दारात उभे असतील, तर तो तत्त्व बाजूला ठेवून बटण दाबतो.

खरी कसोटी डिस्क जाते तेव्हा. रेड 5 पद्धतीने जोडलेल्या डिस्कांपैकी एक मेली तरी माहिती शाबूत राहते. दुसरी गेली की सगळीच जाते. नवी डिस्क बसवली की तिच्यावरची माहिती पुन्हा रचण्यासाठी उरलेल्या डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. हे काम तासन् तास चालते. उरलेल्या डिस्का मेलेल्या डिस्कच्याच बिलावर, एकाच दिवशी घेतलेल्या असतात. या काळात ॲडमिन टक्केवारीकडे पाहत बसतो आणि साहेब ॲडमिनकडे. “किती वेळ?” या प्रश्नाला तो मनातला आकडा दुप्पट करून सांगतो, साहेब तो निम्मा करून वर कळवतात, म्हणून वरच्यांपर्यंत खरा आकडा पोचतो.

‘बॅकअप आहे ना?’ असे विचारल्यावर जो ताबडतोब ‘आहे’ म्हणतो, तो ॲडमिन नवा समजावा. बॅकअप लोणच्याच्या बरणीसारखा असतो: झाकण उघडेपर्यंत बुरशीचा पत्ता लागत नाही. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने रात्री चुकीच्या सर्व्हरवर मुख्य डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, पण वेळेला एकही धड कामी आली नाही. त्यातली एक फसत असल्याच्या ईमेल निघत होत्या, पण त्या नाकारल्या जात असल्याने कोणाला मिळत नव्हत्या. साधारण सहा तास आधी त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, तिने लाज राखली. कंपनीने हे सगळे जाहीर लिहून टाकले. तेव्हापासून कुठलीही आज्ञा देण्यापूर्वी मुरलेला ॲडमिन आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे बोट लावून वाचतो.

त्याची सर्वात आवडती कथा मात्र मर्स्क या जहाज कंपनीची. 27 जून 2017 रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने तिची जगभरची यंत्रे निकामी केली. न्हावा-शेव्याच्या जेएनपीटीतले तिचे टर्मिनलही अडकले. लॉगिनचा कारभार पाहणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत असत, म्हणून सगळे एकाच वेळी गेले. उरला फक्त घानातला एक. हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेली होती! त्याच्यावरची माहिती इंटरनेटवरून आणायला फार दिवस लागले असते आणि घानातल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि तिथून लंडनला पोचली. पुढे दहा दिवसांत 4,000 सर्व्हर नव्याने उभे केले गेले. ॲडमिन ही कथा बॅकअपची एक प्रत बाहेरगावी ठेवण्याचा खर्च मंजूर व्हावा म्हणून सांगतो. व्यवस्थापन ती लक्षपूर्वक ऐकते आणि यूपीएसच्या नव्या बॅटऱ्यांचा खर्च नामंजूर करते.

विकत घेतलेल्या सुरक्षेवरही त्याचा भरवसा उरलेला नाही. 19 जुलै 2024 रोजी, शुक्रवारी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख यंत्रे निळ्या पडद्यावर थिजली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. उपाय सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणे. पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी चालत जावे लागले. डिस्क कुलूपबंद असेल तर लांबलचक किल्ली टाकावी लागे, आणि कित्येकांच्या किल्ल्या बंद पडलेल्या सर्व्हरवरच होत्या.

ॲडमिनांच्या कौतुकाचा एक दिवस असतो, जुलैचा शेवटचा शुक्रवार. अमेरिकेतल्या टेड केकाटोस या ॲडमिनने तो 2000 साली सुरू केला. 2024 मध्ये तो क्राउडस्ट्राइकनंतर बरोबर आठवड्याने आला. आपल्याकडे कौतुक दसऱ्याला होते आणि ते रॅकचे. रॅकला हळदकुंकू आणि झेंडूचा हार मिळतो. पंख्यात गेलेल्या पाकळ्या काढायचे काम ॲडमिनला मिळते. ज्यांच्या कचेरीत असा गृहस्थ आहे, त्यांनी त्याला हार घालण्याची गरज नाही. फक्त सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, “पाच मिनिटांचं काम आहे,” असे म्हणून त्याच्याकडून नवे सॉफ्टवेअर बसवून घेऊ नये.