कुणाकडे आयफोनचा चार्जर आहे का?

दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत कुठल्याही बड्या कंपनीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न हमखास यायचा. विचारणाऱ्याची बॅटरी संपत आलेली असायची, हे खरं. पण 'चार्जर आहे का' एवढंच विचारून गप्प बसलेला आयफोनवाला मी तरी पाहिलेला नाही. मग युरोपीय संघाच्या कायद्याचा दट्ट्या आला, ॲपलने २०२३ मध्ये आयफोन १५ ला सगळ्या जगासारखा टाइप-सी पोर्ट दिला आणि नोकरदारांची एक मोठी सोय गेली. आता कुणाचाही चार्जर चालतो. दर्जा कळवायचा तर फोन टेबलावर पालथा ठेवावा लागतो, म्हणजे मागचं सफरचंद तरी दिसतं.

कामासाठी हाच फोन का, असं कुठल्याही व्हाइस प्रेसिडेंटला विचारा. उत्तर एका शब्दात येतं : 'सिक्युरिटी.' हे सांगताना तो सहा आकडी पासकोड तुमच्यादेखत टाकतो आणि ती त्याच्या मुलीची जन्मतारीख असते.

या सिक्युरिटीचं मूळ घराणं ब्लॅकबेरीचं. कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या रिसर्च इन मोशन कंपनीने १९९९ मध्ये पेजरसारखं दिसणारं यंत्र काढलं. त्यातली मेल तुम्हाला आणायला जावं लागत नसे, ती आपणहून येऊन धडकायची. २००४ मध्ये एअरटेलने ते भारतात आणलं. ते विकत घेण्याची गोष्टच नव्हती, ते 'मिळायचं'. अमुक ग्रेडच्या वर गेलात की गाडी, ड्रायव्हर आणि ब्लॅकबेरी. कमरेला पट्ट्यात अडकवलेलं ते काळं यंत्र, त्याचा लुकलुकणारा लाल दिवा आणि लग्नाच्या पंगतीत जिलबी सोडून त्या दिव्याकडे पाहणारा जावई, हे दृश्य त्या काळी पुण्या-मुंबईत नवं नव्हतं. सासऱ्याला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

कामाच्या दृष्टीने यंत्र खरंच उत्तम होतं. दोन अंगठ्यांनी न बघता टाइप करता यायचं, बॅटरी टिकायची आणि कंपनीच्या सर्व्हरवरची मेल मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नसे. कुणालाच नाही. २०१० मध्ये भारताच्या गृहमंत्रालयाने ३१ ऑगस्टपर्यंत सुरक्षा यंत्रणांना संदेश वाचायची सोय करून द्या, नाहीतर सेवा बंद करतो, असा दम भरला. कॉर्पोरेट मेलच्या किल्ल्या आमच्याकडेच नाहीत, त्या ज्याच्या-त्याच्या कंपनीकडे, असं रिसर्च इन मोशनचं म्हणणं. याहून चांगली जाहिरात पैसे देऊन मिळाली नसती. आपल्या मेलसाठी खुद्द केंद्र सरकार तळमळतंय, या कल्पनेने किती जनरल मॅनेजर सुखावले असतील! आणि त्या मेलमध्ये असायचं काय? 'नोटेड', 'प्लीज डू द नीडफुल' आणि 'खालील मेल पाहावी'.

त्याच वर्षी व्होडाफोनची 'ब्लॅकबेरी बॉइज' जाहिरात आली. सुटाबुटातले साहेबलोक ऐटीत गात असतात आणि हळूहळू त्यांच्यात जीन्स-टीशर्टातली पोरंपोरी घुसतात. विकणाऱ्याला वाटलं, खप वाढला. वाढलाही. पण बीबीएमवर, म्हणजे ब्लॅकबेरीच्या मेसेंजरवर, चावट विनोद पाठवणारा कॉलेजकुमार आणि आपण यांच्या हातात एकच यंत्र, हे ज्या दिवशी साहेबांच्या ध्यानात आलं त्या दिवशी ब्लॅकबेरीचं भारतातलं भविष्य ठरलं, असं माझं मत आहे. २०११ च्या ऑक्टोबरात तीन-चार दिवस सेवा कोलमडली, ते नंतरचं निमित्त.

इकडे २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर टीव्हीच्या मुलाखतीत खो-खो हसले होते. एवढा महाग, आणि त्याला कीबोर्ड नाही, मेल टाइप करणारा धंदेवाईक माणूस तो कशाला घेईल, असा त्यांचा सवाल. आजवर सगळ्यांनी त्यांची टिंगल केली. मला मात्र ते बिचारे बरोबर वाटतात. कामाचा विचार केला तर काचेवर मेल लिहिणं हा छळच आहे. त्यांचं चुकलं एवढंच, की कामाचा फोन कामावरून ठरतो असं त्यांनी धरलं.

प्रत्यक्षात झालं ते असं. साहेबांनी परदेशातून येताना आयफोन आणला आणि सोमवारी आयटीवाल्याला बोलावलं. 'यावर माझी मेल सुरू करून द्या.' आयटीवाला म्हणाला, 'सर, पॉलिसीत बसत नाही.' साहेबांनी नुसतं पाहिलं. मंगळवारी पॉलिसी बदलली. २००८ मध्ये ॲपलनेही कंपन्यांच्या एक्स्चेंज मेलची सोय आयफोनवर दिली आणि आयटीवाल्याची उरलीसुरली अब्रू वाचली. पुढे या शरणागतीला 'आपापला फोन आणा' असं धोरणाचं रूप मिळालं. कंपन्यांना त्यातली गोम लवकर कळली : फोन तुमचा, हप्ते तुमचे, रात्री साडेअकराचं काम आमचं.

या व्यवस्थेत कंपनी तुमच्या फोनमध्ये आपलं ॲप बसवते आणि नोकरी सोडलीत की आपला मजकूर दुरून पुसून टाकते. अँड्रॉइडमध्ये तर कामाच्या ॲपांवर चक्क छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह येतं आणि संध्याकाळी एक बटण दाबून तो सगळा कप्पा बंद करता येतो. हे बटण व्यवस्थित चालतं. ते दाबणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे. तो नोटीस पिरियडवर होता.

आता न्यायाने बोलायचं तर आयफोनच्या बाजूने खरी कारणं होती. जुन्या फोनलाही वर्षानुवर्षं अपडेट मिळत, विकताना बरी किंमत येई, हजार फोन एकसारखे असल्याने आयटीवाल्याचं डोकं शांत राही. पण गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ ला सात-सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. पहिलं कारण गेलं. आवड राहिली.

ज्यांचा धंदाच फोनवर चालतो ती माणसं मात्र वेगळीच. इस्टेट एजंट, विमा एजंट, वाशीच्या मार्केटातला अडत्या. यांना फोन कंपनी देत नाही, स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो, त्यामुळे डोकं ठिकाणावर असतं. दोन सिम पाहिजेत, एक घरचं आणि एक पार्टीला द्यायचं. आयफोनला दुसरा नंबर सुचायला २०१८ उजाडलं. कॉल रेकॉर्ड झाला पाहिजे, कारण पासष्ट लाखांवर 'हो' म्हटलेला माणूस दुसऱ्या दिवशी 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणतो. आयफोनने ती सोय २०२४ मध्ये दिली, पण रेकॉर्डिंग सुरू होताच दोन्ही बाजूंना तसं जाहीर करून. सज्जनपणा म्हणून ठीक आहे, पण सौदा तिथेच गारठतो. गूगलचा स्वतःचा डायलरही असाच जाहीरपणे बोलतो. म्हणून ही मंडळी दुकानात प्रोसेसर विचारत नाहीत, मेगापिक्सेल विचारत नाहीत. काउंटरवर कोपर टेकून हळूच विचारतात, 'रेकॉर्डिंग लावलं की बाई बोलते का?' (चोरून रेकॉर्डिंग करावं का, हा प्रश्न वेगळा. तो त्या पासष्ट लाखवाल्याला विचारा.)

गंमत बघा. व्हॉट्सॲपने धंदेवाल्यांसाठी 'व्हॉट्सॲप बिझनेस' काढलं जानेवारी २०१८ मध्ये, फक्त अँड्रॉइडवर. आयफोनवर ते आलं एप्रिल २०१९ मध्ये. म्हणजे वर्षाहून जास्त काळ 'बिझनेस'चं ॲप बिझनेसवाल्यांच्या फोनवर नव्हतं. ऑफिसात अकराव्या मजल्यावर बसलेल्या साहेबलोकांत कुणाच्या लक्षातही आलं नाही. कारण ऑर्डर घेणारा पोरगा खाली रस्त्यावर होता, बारा हजारांच्या फोनला रबरबँड लावून. त्याने दुकानदाराकडून उतरवून घेतलेला आकडा संध्याकाळी साहेबांच्या लाखाच्या फोनवर रंगीत आलेखात दिसतो. त्यावर साहेब लिहितात, 'ओके'. आणि त्याखाली फोन आपणहून इंग्रजीत जोडतो, की हे आयफोनवरून पाठवलं. ती ओळ काढता येते. कोण काढतो? रेडमीवरून पाठवलंय असं कुणी मेलखाली लिहिलेलं मला अजून सापडायचंय.

काही चतुर लोकांनी तोडगा काढला आहे. दोन फोन. आयफोन टेबलावर, अँड्रॉइड खिशात. मीटिंग संपली की पहिला उचलायचा, दुसऱ्यावर बोलायला बाहेर जायचं. दाखवायचे दात कोणते आणि खायचे कोणते, हे ज्याला कळलं त्याचा धंदा बरा चालतो.

आणि मग अमेरिकेतले बडे गुंतवणूकदार वॉरन बफे. २०१६ पासून त्यांच्या बर्कशायर हॅथवेने ॲपलचे शेअर इतके घेतले, की ती ॲपलच्या सर्वांत मोठ्या भागधारकांत जाऊन बसली. अब्जावधी डॉलरचे सौदे करणारा हा माणूस खिशात ठेवायचा काय, तर घडीचा साधा फोन, आणि तोही सॅमसंगचा. ॲपलचे टिम कुक यांनी आयफोन घ्या म्हणून गळ घातली, तरी नाही. अखेर २०२० च्या फेब्रुवारीत म्हातारबुवांनी टीव्हीवर जाहीर केलं, की घडीचा फोन गेला, आता आयफोन आला. वापरतो मात्र बोलण्यापुरताच. २०२४ मध्ये त्यांच्या कंपनीने ॲपलचे बहुतेक शेअर विकून टाकले. फोन विकल्याची बातमी नाही.